ठिपक्याखालून सरकलेला बदाम

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. हसू नका. टॅब कसला जुना, असं तुम्हाला वाटेल; पण आमच्यात म्हातारपण फार लवकर येतं. माझ्या काचेचा एक कोपरा तडकलाय. दुपार झाली की माझी बॅटरी धापा टाकायला लागते. दुकानातल्या त्या सडपातळ पोरांशेजारी मला ठेवलंत तर मी विटेसारखा दिसेन. पण माझ्या काचेवर नेलपॉलिशचा एक गुलाबी ठिपका आहे, आणि तो त्या पोरांपैकी एकाकडेही नाही. तो ठिपका कुठून आला आणि त्याच्यापायी दोन बहिणींचा जीव कसा टांगणीला लागला, ते सांगतो. जरा नीट बसा.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं तिथे दिवसभर मान खाली घालून बसायची आणि पट्ट्यावरून आम्ही एकामागून एक पुढे सरकायचो. कुणी आम्हाला पाठ लावली, कुणी पोटात बॅटरी बसवली, आणि एका बाईने माझी काच मऊ फडक्याने इतकी मन लावून पुसली की माझा मलाच हेवा वाटला. माझ्या मागोमाग माझं जुळं भावंड येत होतं. आम्ही एकाच खोक्यातून दुकानात गेलो, एकाच फळीवर बसलो, आणि एका भल्या गृहस्थाने आम्हा दोघांना एकदमच उचललं. एक त्याच्या आईसाठी आणि एक त्याच्या मावशीसाठी. मी मावशीच्या वाट्याला आलो, म्हणून मीही तिला मावशीच म्हणतो.

मावशी दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहते. खिडकीखाली बसडेपोचं आवार आहे. सकाळी तिथे बसगाड्या धुतात, ड्रायव्हर पायरीवर बसून पेपर वाचतात आणि एक बोका गरम बॉनेट शोधत हिंडत असतो. खोलीच्या कोपऱ्यात तिपाईवर एक काळा टेलिफोन आहे, वजनदार, वेटोळ्या वायरचा. मी आलो तेव्हा मला त्याची कीव आली होती. ना चित्र, ना रंग, ना खिशात मावायची सोय. मी मनात म्हटलं, आजोबा, तुमचे दिवस संपले. किती शहाणा होतो मी तेव्हा!

त्या टेलिफोनला मावशी हात का लावू देत नाही, ते मला हळूहळू कळलं. मावशी आणि तिची थोरली बहीण, म्हणजे ताई, दोघी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. तुम्ही तसलं काही पाहिलेलं नसणार. भिंतीएवढा बोर्ड, त्यात भोकंच भोकं, आणि एकेक भोक म्हणजे कुणाचं तरी घर. या भोकात एक वायर खोचायची, त्या भोकात दुसरी, की दोन माणसं बोलायला लागायची. दोघी बहिणी शेजारीशेजारी बसायच्या आणि बोर्डाकडे न बघता वायरी खोचायच्या. कुठलं भोक कुठे, ते बोटांनाच माहीत. मावशी म्हणते की ताईचा आवाज इतका गोड होता की लोक चुकीचा नंबर लागला तरी रागवायचे नाहीत.

काम सुटल्यावर दोघी आपापल्या घरी जायच्या. घरी पोचलं की ताई मावशीकडे फोन लावायची, एक घंटी वाजू द्यायची आणि ठेवून द्यायची. मावशीने तो उचलायचा नाही. एक घंटी म्हणजे 'पोचले'. पुढे ताई मुलाकडे राहायला दूरच्या गावी गेली, तरी रोज सकाळी ही एक घंटी चालू राहिली. मग एकदा ताईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. तिला सगळं समजतं, पण तोंडातून शब्द येत नाही. तेव्हापासून तिने फोनला शिवायचं सोडलं. कुणी रिसीव्हर जवळ आणला तर ती भिंतीकडे तोंड फिरवायची. जिने सगळा जन्म आवाजावर काढला, तिला मुक्याने फोन धरणं कसं सोसणार?

म्हणून भाच्याने आम्हा जुळ्यांना आणलं. त्याची बायको, म्हणजे ताईची सून, दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. ती हुशार आणि भारी मायाळू मुलगी. तिने दोघी बहिणींना एका साइटवर बसवून दिलं. तिथे जो तो येऊन आपले फोटो टाकतो, गप्पा मारतो, उगाच भांडतोही. मावशीने त्या साइटचं नाव 'कट्टा' ठेवलं. ठरलं असं की मावशीने रोज सकाळी खिडकीतून एक फोटो काढून कट्ट्यावर टाकायचा आणि तिकडे ताईने डाव्या हाताने त्याच्याखालचा लाल बदाम दाबायचा. बदाम उमटला की समजायचं, ताई बरी आहे. पुन्हा एक घंटीच झाली की ती, फक्त आवाजाशिवाय.

पण एक अडचण होती. माझी काच गुळगुळीत. बोर्डावर वाढलेल्या बोटांना चाचपायला काहीच नाही. मावशीचं बोट घसरून भलतीकडे जायचं आणि ती मलाच ओरडायची. तेव्हा मावशीकडे राहायला आलेल्या सूनबाईने पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली आणि जिथे फोटो टाकायचं बटण होतं, नेमक्या त्या जागी माझ्या काचेवर एक ठिपका ठेवला. तो वाळून टणक झाला, बोटाला लागायला लागला. घरी परतल्यावर माझ्या जुळ्या भावंडाच्या काचेवर तिने तसाच ठिपका बदामाच्या जागेवर ठेवला. मावशीने डोळे मिटून बोट फिरवलं, ठिपका सापडला, आणि ती खुदकन हसली. म्हणाली की आता हा आपला बोर्ड झाला.

काय दिवस होते ते, मित्रांनो! बोका, धुतलेली बस, पायरीवर झोपलेला ड्रायव्हर, टाकीवर बसलेली कबुतरं, सगळं मी टिपलं. फोटो टाकायचा, चहा गाळायचा, आणि बदाम आल्याशिवाय कपाला तोंड लावायचं नाही, असा मावशीचा नेम. बदाम उमटला की ती माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायची, गुणाचा रे माझा टॅब. मी कोपऱ्यातल्या टेलिफोनकडे बघून मिशीत हसायचो. मला मिशी नाही हा भाग वेगळा.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. काच माझी असली तरी काचेमागचं घर कट्टेवाल्यांचं. ते कुठे बसतात मला ठाऊक नाही, पण त्यांना सारखं सामान हलवायची खोड आहे. तुम्ही शाळेतून यावं आणि दार असेल तिथे कपाट असावं, कपाट असेल तिथे न्हाणीघर, असा प्रकार. अधूनमधून एखादा रंग बदलायचे, अक्षरं लहान करायचे. तेवढं आम्ही पोटात घातलं. पण त्या सकाळी त्यांनी अख्खं घरच उलटंपालटं केलं.

त्या सकाळी मावशीला कपाटातल्या जुन्या पाकिटात एक फोटो सापडला होता. एक्स्चेंजमधला. ताई बोर्डासमोर बसली आहे, कानाला हेडफोन, तोंडासमोर तो छोटा भोंगा, आणि कुणाशी तरी बोलताबोलता खळखळून हसते आहे. मावशीला राहवलं नाही. त्या फोटोचाच तिने माझ्याकडून फोटो काढवला आणि कट्ट्यावर टाकला. मग मला चार्जिंगला लावून ती चहा करायला गेली. तेवढ्यात माझ्या काचेवर फुगे उडायला लागले. 'नवं रूप! आणखी सोपं, आणखी सुंदर!' असं लिहून आलं आणि खाली एकच बटण, 'छान!' 'नको' म्हणायला बटणच नव्हतं. कुणी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पण टॅबला कोण विचारतो?

मावशी परत आली तेव्हा बदाम आलेला नव्हता. चहा निवला. तिने पुन्हा गरम केला, तोही निवला. तिला वाटलं, आणखी एक फोटो टाकून बघावा. तिने सवयीने ठिपका दाबला. पण ठिपक्याखाली आता फोटोचं बटण नव्हतंच. तिथे कट्टेवाल्यांनी 'लाइव्ह' आणून बसवलं होतं. म्हणजे मी जे बघेन ते त्याच क्षणी सगळ्यांना दिसणार. मग काय, मावशीचं नाक, छताचा पंखा, आणि 'मेलं कुठे गेलं ते' हे शब्द तिच्या ओळखीच्या सगळ्या माणसांकडे पोचले.

खाली चावीवाले काका राहतात. डेपोच्या फाटकाशी त्यांचं किल्ल्या करायचं छोटं दुकान आहे. ते वर आले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले की मावशी, तुमच्या छताला रंग द्यायला झालाय. मावशीला हसावं की रडावं कळेना. काकांनी मला हातात घेऊन बराच वेळ शोधाशोध केली आणि कोपऱ्यातल्या तीन रेघांच्या आत लपलेलं फोटोचं बटण शोधून काढलं. त्यांचाही त्या नव्या रूपावर राग होताच. ते म्हणाले की दुकानात किल्ल्या टांगायचा एक खिळा मी इकडचा तिकडे केला तर माझाच हात चुकतो, आणि ही माणसं लाखोंच्या घरात न विचारता खिळे हलवतात. कट्ट्यावर तर बोंब उठली होती. जुनं रूप परत द्या म्हणून लोक घसा फोडत होते. कट्टेवाल्यांनी त्या सगळ्यांना एक हसरा चेहरा पाठवून दिला.

दुसऱ्या सकाळी मावशीने शोधून शोधून फोटो टाकला. बदाम नाही. तिसऱ्या सकाळी नाही. तिने भाच्याला फोन केला. तो कामावर होता. म्हणाला की आई बरी आहे, जेवते, झोपते, फक्त जरा चिडचिड करते. टॅब समोर धरला तर डाव्या हाताने ढकलून देते. भाच्याने सहज सांगितलं, पण मावशी रिसीव्हर ठेवून खाली बसली. ताई आजारी नाही. ताई रागावली आहे. आणि का रागावली हेही मावशीला त्या क्षणी उमगलं. जिचा आवाज गेला तिला मावशीने तिचाच खळखळून बोलतानाचा फोटो दाखवला होता, आणि तोसुद्धा चार माणसांत.

उठून ताईकडे जावं तर गाडीचा प्रवास दिवसभराचा, मावशीचे गुडघे दुखरे, आणि त्याहून मोठं म्हणजे काय तोंड घेऊन जायचं हा प्रश्न. तिने फोटो टाकणं बंद केलं. मला एका रुमालात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या खणात ठेवून दिलं. मित्रांनो, त्या खणात माझ्याबरोबर कोण होतं सांगू? एक बंद पडलेली बॅटरी, रबरबँडचा गुंता, हरवलेल्या कुलपांच्या किल्ल्या आणि औषधाचा एक रिकामा चमचा. मी आतून ऐकायचो. चहाचा कप लवकर विसळला जायचा. पूर्वी मावशी काम करताना गुणगुणायची, ते थांबलं होतं. माझा काडीचा दोष नव्हता, तरी मला फार अपराधी वाटायचं.

मग एका दुपारी खण उघडला. मावशीने मला बाहेर काढलं, रुमालाने पुसलं आणि चार्जरला न लावताच मांडीवर घेतलं. माझ्यात जेमतेम घोटभर बॅटरी उरली होती. ती नवा फोटो टाकणार होती की जुना काढून टाकणार होती, मला अजून माहीत नाही. पण बोटांची सवय! सवयीने तिचं बोट ठिपक्यावर गेलं आणि लाइव्ह सुरू झालं. वरच्या कोपऱ्यात एवढासा लाल दिवा लागला. मावशीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, पण मी तिला दिसत नव्हतो. तिला ताई दिसत होती.

"ताई," ती म्हणाली, "तो फोटो मी टाकायला नको होता गं. अक्कल गहाण टाकली होती मी. पण खरं सांगू का? मला तुझ्या आवाजाची आठवण येते. इतकी येते की त्या फोटोत मला तो ऐकू आला. म्हणून टाकला. तुला खिजवायला नाही टाकला." मग ती पुढे म्हणाली, "रागव माझ्यावर. हवी तेवढी रागव. पण बदाम दे गं. तुझा बदाम आला नाही की मला वाटतं तू रस्त्यातच कुठेतरी आहेस, अजून घरी पोचली नाहीस."

मी काय करू शकत होतो? ओरडता येत नाही, हलता येत नाही. लाल दिवा तेवढा जळत होता. एकीकडे वाटत होतं, बंद करावं, बिचारीचं मन चव्हाट्यावर आलंय. दुसरीकडे वाटत होतं, ए बॅटरी, दम धर, मरू नकोस एवढ्यात. मी जीव मुठीत धरून तिचा शब्दन् शब्द पुढे पाठवत राहिलो. मग मावशीने डोळे पुसले, चष्मा चढवला, आणि तिला लाल दिवा दिसला. तिने घाबरून मला उलटं केलं. उताणं केलं. पुन्हा उलटं केलं. शेवटी मीच मान टाकायच्या बेतात असताना तिला बंद करायची खूण सापडली.

"अख्ख्या जगाने ऐकलं," ती स्वतःशीच म्हणाली, मला जमिनीवर टाकलं आणि तोंडावर पदर घेऊन बसून राहिली.

थोड्या वेळाने दार वाजलं. चावीवाले काका होते. त्यांनी ऐकलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. पण त्या भल्या माणसाने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मागे नेलेली पक्कड परत द्यायला आलो म्हणाले. मला जमिनीवर पडलेलं बघून त्यांनी उचललं, चार्जरला लावलं आणि उगाच खिडकीतून डेपोकडे बघत उभे राहिले. मावशी खुर्चीतून उठली नाही.

आणि कोपऱ्यातला टेलिफोन वाजला.

एकदा वाजला. काका जवळ होते, त्यांनी सवयीने हात पुढे केला. मावशी गुडघे विसरून उठली आणि तिने त्यांचा हात वरच्यावर धरला.

"उचलू नका," ती म्हणाली.

दुसरी घंटी वाजली नाही. मावशीने काकांचा हात सोडला नव्हता. काकांना काहीच कळेना. त्यांनी हळूच विचारलं, "कोणाचा होता?"

"ताई पोचली," मावशी म्हणाली. आणि मग ती रडली, भरपूर रडली, आणि रडतारडता तिने चहाचं आधण ठेवलं.

पुढचं सगळं आम्हाला सूनबाईकडून कळलं. जोडून आलेली सुट्टी बघून ती ताईला गाडीने घेऊन आली, आणि पिशवीत माझ्या जुळ्या भावंडाला. लाइव्ह झालं त्या दिवशी दुपारी ती दवाखान्यातून जेवायला घरी आली होती आणि तिच्या फोनवर मावशी बोलताना दिसली. तिने फोन तसाच ताईसमोर धरला. ताईने सगळं ऐकलं. ऐकून झाल्यावर तिने टेबलावरच्या टेलिफोनकडे बोट केलं. सूनबाई नंबर फिरवायला गेली तर ताईने तिचा हात बाजूला सारला. डाव्या हाताने, चुकतमाकत, पण स्वतः फिरवला. नंबर बोटांना पाठ होता.

मग दोघा भावंडांना टेबलावर शेजारीशेजारी ठेवलं, तेव्हा खरी भानगड उघडी पडली. नव्या रूपात बदाम डावीकडे गेला होता, आणि भावंडाच्या ठिपक्याखाली येऊन बसलं होतं 'यांचं काही दाखवू नका'! त्या सकाळी ताईने हसऱ्या फोटोला बदाम द्यायला ठिपका दाबला आणि मावशी तिच्या काचेवरून नाहीशी झाली. ताईला वाटलं, धाकटीने आपल्याला टाकलं. म्हणून ती टॅब ढकलून देत होती. बहीण नाही तर त्या काचेचं तिला काय करायचं होतं? तो हसरा फोटो मात्र तिला मनापासून आवडला होता. मावशीने पाकिटातला मूळ फोटो काढून दिला. ताईने तो मांडीवर घेतला आणि परत द्यायला तयार होईना.

सूनबाईने कानाला हात लावून दोघींची माफी मागितली. नेलपॉलिश पुसायचं औषध काढलं, जुने ठिपके खरवडले आणि नव्या जागी नवे ठेवले. त्यानंतर कट्टेवाल्यांनी आणखीही सामान हलवलं आहे. आता नेलपॉलिशची बाटली कायम माझ्याजवळच असते आणि माझ्या काचेवर पुसलेल्या ठिपक्यांचे पुसट डाग आहेत. मी ते मिरवतो. कोपऱ्यातल्या टेलिफोनला मी आता खरोखर आजोबा म्हणतो, मनापासून. त्याच्यात लपवायला बटणं नाहीत, हे त्याचं मोठेपण मला उशिरा कळलं.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी कट्टेवाले झालात, तर हवं तेवढं घर सजवा, पण कुणाचं बोट सवयीने जिथे जातं तिथलं काही हलवण्याआधी एकदा विचारा, आणि 'नको' म्हणायला एक बटण ठेवा. आणि मोठे होईपर्यंत एवढं तरी करा. घरातलं कुणी विचारलं, 'अगं, ते कुठे गेलं?' किंवा 'अरे, इथलं कुठे गेलं?' तर हातातून हिसकावून तुम्हीच दाबून देऊ नका. त्यांचं बोट धरा, नव्या जागेवर न्या आणि त्यांनाच दाबू द्या. त्यांना वेळ लागेल. लागू दे.

आता मला थांबायला हवं. सकाळ झाली आहे, खाली बस धुताहेत, बोका बॉनेटवर चढला आहे. आजोबा एकदा वाजले आणि थांबले. मावशी ओले हात पुसत येते आहे. ती मला उचलणार, माझ्या पाठीवर थाप मारणार आणि रोजच्यासारखं म्हणणार, "चल रे, बघू आज मेल्यांनी बदाम कुठे नेऊन ठेवलाय."